उलटी बसवली आणि निभावलं

मी स्कूटरच्या पोटातली पुल्यांची जोडी बोलतेय. दोन पुल्या, मधे एक पट्टा. स्कूटर वेगात आली की तिला आणखी पळवायचं, हे माझं काम. स्कूटर मोडीत निघाली तेव्हा वाटलं, संपलं आपलं.

पण श्याफ्रिल नावाच्या एका घरजावयाने मला उचललं. आमच्या सुमात्राच्या डोंगरात घर बायकांचं असतं, जावई तिथे पाहुणाच. लग्नात जावयाला मानाचं नाव देतात. याला मिळालं होतं 'सुतान बातुआ'. सासूबाई मात्र त्या नावाने चुकूनही हाक मारत नसत. "काय हो पाहुणे?" म्हणायच्या. बिचाऱ्याला ते फार लागायचं.

म्हणून त्याने ओढ्यावर लाकडी पाणचक्की उभारली, तिला जनरेटर जोडला. त्या विजेच्या दिव्यांच्या उबेत, एका पेटीत, सासूबाईंची बदकाची अंडी उबवायची होती. पण ओढा कधी मंद, कधी बेफाम. वीजही तशीच.

चक्की आणि जनरेटर यांच्यामधे वेग सांभाळायला काय बसवावं?

"ट्रकचा जुना गिअरबॉक्स?" त्याने विचारलं.

"आणि दिवसभर दांडा धरून बसणार कोण? मी?" बायको यूलिस्ना म्हणाली.

शहरात मिळणारं वीज सांभाळायचं यंत्र ओढ्याकाठच्या दमट हवेत टिकत नाही म्हणे. राहता राहिले मी.

त्याने मला स्कूटरमध्ये होते तसंच बसवलं. ओढ्याला लोंढा आला, चाक धावलं, आणि मी सवयीने जनरेटरला आणखी पळवलं. बल्ब भडकत भडकत शेवटी फुटले. अंडी शिजली!

"उकडलीत छान हो, पाहुणे," सासूबाई म्हणाल्या. "आता पुढची नासली, तर आपल्या आईकडेच राहायला जा."

श्याफ्रिल जेवलाच नाही. यूलिस्ना माझ्याजवळ येऊन बसली, हाताने पुली फिरवत राहिली.

"अहो, ही स्कूटरला काय सांगायची? जोरात आहेस, आणखी जोरात पळ. मग ओढ्यालाही तेच सांगणार की! उलटी लावून बघा ना."

"उलटी म्हणजे?"

"चक्कीकडची पुली जनरेटरकडे, तिकडची इकडे."

पुन्हा लोंढा आला. चाक उधळलं आणि काय आश्चर्य, मी जनरेटरला आवरत होते! जन्मभर नुसतं पळवलं. आवरताही येतं, हे मला कुठे ठाऊक होतं? दिवा जरासुद्धा भडकला नाही.

मग एके सकाळी पेटीत टकटक झाली. सासूबाईंनी पहिलं पिल्लू ओंजळीत घेतलं. 

"सुतान बातुआ," त्या म्हणाल्या, "भात गार होतोय."

आता मी इथलीच. एकच मागणं आहे बाबांनो, कौतुकाच्या भरात माझ्या पट्ट्याला तेल चोळू नका. मी घसरेन, आणि सुतान बातुआ पुन्हा पाहुणे होतील.