आपण म्हणजे कोण कोण

रविवारी सकाळी दवाखान्यातल्या खुर्च्या गेल्या. पेशंटच्या नव्हेत. पेशंटसाठी तर आणखी गुबगुबीत आणल्या होत्या. गेल्या त्या नर्सच्या काउंटरमागच्या आणि लॅबच्या खिडकीजवळच्या. झालं होतं असं की एक बडी बाई तपासणीला आली, तेव्हा काउंटरवरची मुलगी तिच्यासाठी उठून उभी राहिली नाही. ती बिचारी संगणकात त्याच बाईचं नाव शोधत होती, पण ते कोण ऐकून घेतो! बाईंनी मालकांकडे तक्रार केली, मालकांनी मॅनेजर चंद्रहास सरांकडे पाहिलं आणि सरांनी प्रश्न मुळासकट उपटून टाकला. बसायला काही नसलंच तर बसणार कोण?

बनेद अल-गारच्या त्या खासगी दवाखान्यात प्रभा लॅब टेक्निशियन होती. लेक अक्षदा बालवाडीत होती तेव्हा ती साताऱ्याहून कुवेतला आली, आणि आता अक्षदा बारावीला होती. नवऱ्याची, शैलेशची, इथली नोकरी करोनात गेली ती गेलीच. तो गावी राहून सासू-सासऱ्यांचं बघत होता. त्यामुळे सालमियातलं घर प्रभाच्या पगारावर चालत होतं आणि लेकीचा इथला मुक्काम प्रभाच्या इकाम्यावर, म्हणजे नोकरी असेतोवरच चालणाऱ्या राहण्याच्या परवान्यावर. हे एकदा ध्यानात घेतलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं, माफ करायला जात नसलं तरी.

खुर्च्या गेल्याचा सगळ्यात जास्त त्रास झाला बुशराला. बुशरा काउंटरवरची नर्स, हर्णैची, सहावा महिना लागलेला. तिचा नवरा काशिफ सालमियात मोबाइलच्या दुकानात होता. बुशरा आणि प्रभा रोज एकाच डब्यात जेवायच्या, म्हणजे बुशराच्या डब्यातलं सुकट प्रभा खायची आणि प्रभाच्या डब्यातली मेथी बुशराला आवडत नसतानाही ती आवडीने संपवायची. बुधवारी औषधांचा ट्रे हातात असताना बुशरा कॉरिडॉरमध्ये मटकन खाली बसली. तोंड पांढरंफटक. प्रभाने तिला लिंबूपाणी पाजलं आणि तळपायाची आग मस्तकात गेल्यासारखी सरांच्या नावाने बडबडत सुटली.

"त्याचा काय उपेग, प्रभाताई?" बुशरा भिंतीला टेकून म्हणाली. "आपन सगल्यांनी मिलून लिवूया ना. येकटीचा कोन ऐकतंय? तुमची इंग्लिश चांगली हाय. तुमी लिवा, आपन सगली सही करू."

केरळच्या नर्स तयार झाल्या, फिलिपिनो मुलीही तयार झाल्या. लिहायचं प्रभाने. लिहिते म्हणाली खरी, पण घरी आल्यावर तिचं घोडं पहिल्याच ओळीवर अडलं. विनंती म्हणावी तर भीक मागितल्यासारखं वाटे, मागणी म्हणावी तर नोकरीच आठवे.

अक्षदा शेजारीच लॅपटॉप घेऊन बसली होती. तिचीही कटकट पत्राचीच होती. शाळेने इंग्रजीच्या प्रकल्पासाठी अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीतली काही पत्रं दिली होती. त्यातलं एक निवडून, पत्र लिहिणाऱ्याने समोरच्याचं मन कसं वळवलं, ते उलगडून दाखवायचं. अक्षदाने निवडलेलं पत्र साठच्या दशकातलं, दक्षिणेकडच्या कुठल्याशा गावातल्या एका काळ्या शिक्षिकेचं.

"काय लिहिलंय बाईंनी?" प्रभाने विचारलं. विचारायचं म्हणून.

"लायब्ररीबद्दल आहे. कोर्टाने सांगितलं, काळ्या लोकांनाही आत येऊ द्या. सो दे लेट देम इन. पण त्यांच्या शेजारी बसायला नको म्हणून सगळ्या खुर्च्याच काढून टाकल्या."

प्रभा ताठ बसली. "सगळ्या? म्हणजे गोऱ्यांनाही उभंच?"

"यस! दॅट्स हाउ स्टुपिड इट वॉज."

मग प्रभाने आपला कागद बाजूला सारला आणि लेकीचं पत्र वाचायला घेतलं. बाई मोठी हुशार होती. कुठेही आवाज चढवलेला नाही. आधी समितीने वाचनालय किती छान ठेवलंय त्याचं कौतुक, मग एका म्हाताऱ्याला उभ्याने वाचताना काय होतं त्याचं वर्णन, आणि शेवटी एक साधं वाक्य: आता वी आर ऑल स्टँडिंग, महाशय, तुमची आईसुद्धा.

"हे 'वी' बघ," अक्षदा म्हणाली. "सुरुवातीला 'वी' म्हणजे फक्त तिचे लोक. एंडला 'वी' म्हणजे सगळं गाव. मेयरसुद्धा. शी जस्ट स्लाइड्स इट. कळतही नाही कधी बदललं ते."

"इंग्रजीत कळत नाही," प्रभा म्हणाली. "मराठीत लगेच कळलं असतं. पहिलं 'आम्ही' आहे, शेवटचं 'आपण'."

अक्षदाने मान वर केली. मराठीतून काही शिकायला मिळेल अशी तिची कधी अपेक्षाच नसे. "म्हणजे?"

"आम्ही म्हणजे मी आणि माझी माणसं, तू नाहीस त्यात. आपण म्हणजे तूसुद्धा."

"आई, दॅट्स ब्रिलियंट!" अक्षदाने भराभर टाइप करायला घेतलं. प्रभाला त्या घटकेला जो आनंद झाला तो सांगून सोय नाही. लेकीने तिला ब्रिलियंट म्हणून किती वर्षं झाली होती कोण जाणे. त्याच झोकात दोघींनी दवाखान्याचं पत्रही लिहून काढलं. प्रभाने जागोजाग पेरलेले 'काइंडली' अक्षदाने उपटून फेकले. पत्र उभं राहिलं ते 'वी'वर. उभं राहून आमचे पाय दुखतात, इथून सुरुवात. आणि थकलेल्या हाताने सुई चुकते तेव्हा दवाखान्याचं, म्हणजे आपल्या सगळ्यांचंच नाव जातं, इथे शेवट. चंद्रहास सरही त्यात आले आणि मालकही.

सह्या व्हायच्या आधीच सरांनी प्रभाला केबिनमध्ये बोलावलं. दवाखान्यात भिंतींना कान असतात आणि कानांना मोबाइल.

चंद्रहास सर ठाण्याचे. इथल्या मराठी मंडळींचा कुठलाही कार्यक्रम असो, सूत्रसंचालन त्यांचंच. बोलायला लागले की साखर पेरत जायचे. "बसा ना, प्रभाताई," ते म्हणाले. प्रभा बसली. कामाच्या वेळेत किती दिवसांनी पाठ टेकली होती. पाठीला बरं वाटलं आणि बरं वाटलं याचाच तिला राग आला.

"मसुदा पाहिला मी. काय भाषा आहे तुमची! यंदाच्या स्मरणिकेचं संपादन तुमच्याकडेच देणार आहे बघा."

हे हरभऱ्याचं झाड, प्रभा मनात म्हणाली. शिक्षिकेनेही कौतुकानेच सुरुवात केली होती.

"अक्षदाचं बोर्ड ना यंदा? सरकारी कचेऱ्यांत खेपा घालणारा आपला मंदूब कागदपत्रं काढत होता, तुमचा इकामा परीक्षेच्या तोंडावरच संपतोय. काळजी करू नका, मी आहे."

ही भीती. काळजी करू नका म्हणून घातलेली.

"हे बघा, आपण घरदार सोडून आलो ते चार घास सुखाने खायला. आपल्या माणसांनी एकमेकांना सांभाळायचं. हे 'वी, वी' मालकांनी पाहिलं तर ते म्हणणार, युनियन केली. आणि पुढे नाव कोणाचं येणार? जिने लिहिलं तिचं."

"बुशराही आपलीच आहे, सर. रत्नागिरीचीच."

"आहेच की! नाही कोण म्हणतंय?" सर हसले. "पण त्यांचं त्यांचं असतं हो. तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय ते."

प्रभाला कळत होतं. सरांचं हे 'आपण' नेमकं कुठे संपतं आणि त्याच्या बाहेर कोणाला उभं केलंय, ते तिला स्वच्छ दिसत होतं. कालच तर लेकीला शिकवलं होतं. त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. पण सगळे डाव ओळखूनसुद्धा ते तिला लागू पडत होते, औषधाचं नाव माहीत असलं म्हणून त्याची गुंगी थोडीच चुकते. तिला अक्षदाची शाळा दिसत होती, मध्येच सोडून द्यावी लागलेली, आणि साताऱ्याच्या कुठल्या तरी कॉलेजात पुन्हा अकरावी.

सरांनी मग फारच साधी गोष्ट मागितली. पत्र जाऊ दे, पण बुशराच्या एकटीच्या नावाने. "त्रास तिला आहे ना? मग 'वी' कशाला, 'आय' करा. तिला खुर्ची देणं माझ्या हातात आहे. सगळ्यांना द्यायला गेलो तर तिलाही मिळणार नाही."

यात वाईट काय होतं? प्रभाने स्वतःला हे इतक्या वेळा विचारलं की शेवटी काहीच वाईट उरलं नाही. घरी येऊन तिने एकेक 'वी' पुसून 'आय' घातलं. आम्ही उभं राहू शकत नाही, याचं झालं, मी उभी राहू शकत नाही. सुई चुकते ते वाक्य तसंच राहिलं, फक्त थकलेला हात आता बुशराचा होता.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना तिने ते बुशराच्या गळी उतरवलं. आधी म्हणाली, तुझ्याइतकी कामसू कोणी नाही, तुझा शब्द मोडणार नाहीत. मग म्हणाली, पुन्हा चक्कर आली, बाळाला काही झालं तर? आणि मग म्हणाली, "बुशरा, आपण हे तुझ्यासाठीच करतोय ना?" बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की आपण सरांच्याच पायऱ्यांनी उतरतोय. तरी ती थांबली नाही.

बुशराने कागद वाचलाही नाही. "तुमी सांगताव ना, मंग करतंय सही."

काउंटरमागे प्लास्टिकचं एक स्टूल आलं. बुशराने प्रभाच्या हातावर हलवा ठेवला, तोंड गोड करा म्हणाली. पुढच्या आठवड्यात बुशराच्या करारावर चर्चा झाली. तो महिनाअखेर संपत होता. सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, अतिशय अदबीने. "आपणच लिहून दिलंय ना, उभं राहणं झेपत नाही, सुई चुकते म्हणून? मग पेशंटच्या जिवाशी कसं खेळायचं?" हे 'आपण' तिसरंच. मानाचं, आणि माणसाला दाराबाहेर नेऊन सोडणारं.

करार पुढे चालू झाला नाही. स्टूलही गेलं. बाकीच्या नर्स पुन्हा उभ्याने कामाला लागल्या. प्रभाचा इकामा वेळेत नवा झाला, आणि अक्षदाच्या प्रकल्पाला शाळेत सगळ्यात जास्त मार्क पडले. 'आम्ही' आणि 'आपण' वर्गाला समजावून सांगायला बाईंनी तिलाच उभं केलं. लेक घरी येऊन ते नाचून नाचून सांगत होती आणि प्रभा ओट्यापाशी उभी राहून नुसती कांदा चिरत होती.

जायच्या आधी बुशरा सालमियाच्या घरी भेटायला आली. काशिफ खाली टॅक्सीत थांबला होता. प्रभाने तिला बसवलं, चहा दिला.

"आमी शुक्रवारी जाताव," बुशरा म्हणाली. "म्हंजे मी. काशिफ हतंच रहानार. बालंतपन आईकडं."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर प्रभाला बरं वाटलं असतं. तिने फक्त 'आमी' म्हटलं होतं, आणि त्यात प्रभा कुठे नव्हती.

"बुशरा, असं नको म्हणू. आपण पुन्हा लिहू," प्रभा घाईघाईने म्हणाली. "वरती दाद मागू. आपण सगळ्या मिळून..."

"आपन म्हंजे कोन कोन, प्रभाताई?"

तिने खरंच विचारलं होतं. उत्तराची वाट बघत ती प्रभाकडे पाहत राहिली. प्रभाने मनात एकेक नाव घेऊन पाहिलं. केरळच्या नर्स, फिलिपिनो मुली, सर, मालक. एकाचंही नाव तिच्याच्याने घेववेना. दुसऱ्याला गृहीत धरून 'आपण' म्हणायचा तिला आता काही हक्क उरला नव्हता.

बुशराने चहा अर्धा ठेवला. पाठीला हात लावून उठली, "दुवा करा," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

अक्षदा आतल्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "आई, आपलं लेटर तर 'वी'चं होतं. बुशरा आँटीच्या नावाने 'आय' कोणी केलं?"

प्रभाने बुशराचा कप ओट्यावर ठेवला. लेकीचा लॅपटॉप ओढून घेतला आणि मालकांच्या पत्त्यावर लिहायला बसली, सरांना प्रत. ते पत्र बुशराने लिहिलेलं नाही, मी लिहिलं. पाय सगळ्यांचे दुखतात, माझेही. ते 'वी'चं पत्र होतं, मी 'आय'चं केलं. मला तसं करायला सांगितलं गेलं आणि मी भिऊन केलं. बुशराचा हात मी एकदाही चुकलेला पाहिला नाही. खाली स्वतःचं नाव, हुद्दा, इकाम्याचा नंबर.

अक्षदाने खांद्यावरून वाचलं. "आई, हे असं नको पाठवूस. यात कौतुक नाही, आर्ग्युमेंट नाही, काहीच नाही. दे वोन्ट बी कन्व्हिन्स्ड. आणि माझं बोर्ड?"

"माहीत आहे," प्रभा म्हणाली.

तिने पत्र पाठवलं. मग लेकीचा हात घट्ट धरून बसली, कारण तिला आता खूप भीती वाटत होती.