हातांची बडबड

आईने नकळत बाळाला इशारा देऊ नये म्हणून प्रयोगशाळेतल्या मुलीने तिच्या कानांवर हेडफोन चढवले आणि गाणी लावली. दहा महिन्यांची चिमणी मांडीवर होती. ती कुठल्या आवाजाकडे किती वेळ बघते, हे संशोधक बाई काचेमागून मोजणार होत्या.

आईला हसू आवरेना. आठव्या वर्षी तापात कान गेले होते तिचे.

"मला ऐकूच येत नाही," ती म्हणाली.

मुलीचे ओठ हलले. "नियम आहे."

नियमापुढे कोणाचं काय चालतं! आईने हेडफोन राहू दिले, पण मनातून ती धास्तावली होती. नवराही बहिरा, घरात दोघं हातांनीच बोलत. सासूबाईंनी ठणकावलं होतं, "तुमच्यात पोर मुकी राहील. तपासणीच्या कागदावर तसं आलं, की मी तिला घेऊन जाणार." आता त्या कोपऱ्यात पर्स धरून बसल्या होत्या.

चिमणी प्रत्येक आवाजाकडे चटकन वळली. तरी बाईंनी कागद आणला: ऐकणं उत्तम. बडबड: नाही.

"बघ," सासूबाई उठल्या.

आई खुर्चीतून हलली नाही. "मला चित्रण दाखवा."

पडद्यावर चिमणीचा नुसता चेहरा होता, हनुवटीपाशी कापलेला. नजर मोजायला तेवढा पुरतो.

"हात कुठे आहेत तिचे?"

बाई गडबडल्या. मग छतावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. चिमणी आईकडे बघत मूठ उघडत होती, मिटत होती, गालाला लावत होती. पुन्हा तेच, त्याच लयीत. बाई पुढे झुकल्या आणि मोजू लागल्या. अकरा वेळा.

"म्हणजे काय म्हणतेय ती?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. तुमचा नातू, जाऊबाईंचा बाळ, बाबाबा करतो, तेव्हा काय म्हणतो? त्याला बडबड म्हणता ना? मग हिलाही म्हणायचं." आईचा आवाज चढला होता. किती, ते तिला कळत नव्हतं आणि पर्वाही नव्हती. "बाई, 'नाही' खोडा. त्याशिवाय मी उठणार नाही."

बाईंनी खोडलं. सासूबाई मात्र मान हलवत म्हणाल्या, "पण तोंडातून एक शब्द..."

आईने आपल्या कानांवरचे हेडफोन काढले आणि सरळ त्यांच्या कानांवर बसवले. मग चिमणीला त्यांच्यासमोर उभं धरलं.

"आता नुसतं बघा," ती म्हणाली.

चिमणीने आजीकडे बघून मूठ उघडली.