अकराचा ताळा

“वाईट वाटतं हो, बाई,” म्हणत गणित शिकवणाऱ्या लेक्टर स्टाबेलनी कागदांचा गठ्ठा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. “तुमची संख्या मूळ नाही. भाग जातो तिला.”

“कशानं?” बोरघिल्डने विचारलं.

“ते नाही कळत. जातो, एवढंच कळतं.”

तिची थोरली बहीण रग्ना वॅफल भाजत होती. “तीन वर्षं त्या यंत्राची घरघर ऐकली,” ती म्हणाली, “आणि आता म्हणे भाग जातो.”

ट्रॉनहाइमच्या बंदरात बोरघिल्ड एकोणीस वर्षं भरती-ओहोटीची कोष्टकं करत होती. ती छापून यायची कप्तानांच्या नावाने, आणि कप्तानांना साधा गुणाकारही धड येत नसे. ही एकेचाळीस आकडी संख्या मात्र तिची एकटीची. हाताने फिरवायच्या यंत्रावर वर्ग करायचा, संख्येने भागायचं, उरेल त्याचा पुन्हा वर्ग. असं एकशे वीस वेळा. शेवटी संख्येपेक्षा बरोबर एकाने कमी बाकी उरली, तर ती मूळ. आधीच्या सात संख्यांनी दगा दिला होता. हिने दिला नव्हता. पण ऑस्लोत बसून स्वतंत्रपणे तपासणाऱ्या लेक्टरांना भलतंच काही उरलं होतं, आणि त्यांच्या होकाराशिवाय मूळ संख्यांच्या यादीत तिचं नाव छापलं जाणार नव्हतं.

तिने दोघांचे कागद शेजारी मांडले. अठ्ठ्याऐंशी पायऱ्या जुळल्या. एकोणनव्वदाव्या बाकीत तिच्याकडे एका जागी ४७ होते, त्यांच्याकडे ७४. चूक तिचीही असू शकत होती.

“नवाचा ताळा मी दर पायरीला घेतलाय,” लेक्टर म्हणाले.

“मीही. पण आकडे उलटे पडले तरी बेरीज तीच राहते, सर. नवाला पत्ता लागत नाही. अकराचा घेऊ, त्यात आकड्याची जागाही मोजली जाते.”

“आधी कुणाचा?”

“माझा.”

पेन्सिल सरकत राहिली. वॅफल करपलं, तरी रग्ना हलली नाही. बोरघिल्डचा ताळा जुळला. लेक्टरांचा जुळला नाही.

लेक्टर कानापर्यंत लाल झाले. मग त्यांनी कोट काढला आणि बाह्या सरसावल्या. “उरलेल्या एकतीस पायऱ्या मी फिरवतो. तुम्ही हात लावायचा नाही.”

ऑस्लोला न परतता चार दिवस ते रोज सकाळी येत, रग्नाची बोलणी खात आणि यंत्र फिरवत. चौथ्या दुपारी त्यांनी शेवटची बाकी मोठ्याने वाचली. बोरघिल्ड बोटाने एकेक आकडा जुळवत गेली. चाळीस आकडे संख्येचेच निघाले. शेवटचा एकाने कमी होता.

“म्हणजे आता भाग जातो का नाही?” रग्नाने विचारलं.

“नाही,” लेक्टर म्हणाले. “कुणाच्या बापाला जायचा नाही.”

बोरघिल्ड हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

लेक्टरांनी यादीसाठीचा कागद काढला. “शोध कुणाचा? बंदर कार्यालय, ट्रॉनहाइम, असं लिहू ना?”

“कार्यालयाचं नको,” बोरघिल्ड म्हणाली. “बोरघिल्ड रोमो लिहा. पूर्ण.”

त्यांनी लिहिलं. रग्नाने पिठाचे हात पुसले, कागद उचलून खिडकीपाशी नेला आणि बहिणीचं नाव सावकाश, दोनदा वाचलं.