आखूड मिशांचा टोळ

मिशीच्या बाबतीत घरात सासऱ्यांचा शब्द अखेरचा. सगळा जन्म स्वतःच्या सलूनमध्ये गेला, त्यामुळे बागेतल्या किड्यांनाही त्यांनी मिशीचाच नियम लावलेला. पिल्लू सापडलं की आधी मिशा बघायच्या. अंगापेक्षा लांब असल्या तर नाकतोडा. चार पानं कुरतडेल, राहू द्यायचा. आखूड असल्या तर टोळ, सरळ फवारणी. सुनेला हे त्यांनीच शिकवलं, आणि ती नको तितकी चांगली शिकली.

सकाळी गुलाबावर बिनपंखांची हिरवी पिल्लं दिसली. सासरे नाक पानाला लागेपर्यंत वाकले.

"टोळ! मिशा बघ, पार भादरल्यासारख्या."

सुनेने पाहिलं. मिशा केसाहून बारीक, पण पाठीवरून मागे थेट शेपटीच्या पलीकडे गेलेल्या.

"बाबा, नीट बघा ना."

"सलूनवाल्याला मिशी दाखवतेस?" त्यांनी पंप उचलला.

सुनेच्या मनात जमाखर्च जुळू लागला. त्यांच्या हनुवटीवर चिकटवलेला कापूस. परवा पोस्टमनच्या गालावरची पट्टी, आणि "काकांचं लक्ष नव्हतं" असं त्याचं हसून सांगणं. डोळ्यांना केसही न दिसणारा हा माणूस आता चहा पिऊन दुकान उघडणार आणि कुणाच्या तरी गळ्याला वस्तरा लावणार.

"थांबा," म्हणत तिने एक पिल्लू अलगद त्यांच्या मनगटावर सोडलं.

पिल्लाने मिशा हलवल्या. सासऱ्यांचा हात थबकला. पिल्लाचे पाय मनगटावर, आणि गुदगुल्या पार अंगठ्याच्या मुळाशी. केस ओळखायला त्यांच्या कातडीला चष्मा लागत नव्हता.

त्यांनी पंप खाली ठेवला.

"लांब आहेत."

"हो."

"पोस्टमन काही म्हणाला?"

"तुमचं लक्ष नव्हतं म्हणाला."

"भला माणूस आहे." त्यांनी खिशातून दुकानाची किल्ली काढून तिच्या हातात दिली. "दारावर 'बंद' लिहून ये. कारण विचारलं तर?"

"सुनेचे डोळे दाखवायला गेलेत, सांगते."

"माझ्यापायी तुझे डोळे बिघडवतेस?"

"घरातली गोष्ट घरातच राहते ना."

ते हसले, पण मान वळवून.

आतून सासूबाईंनी हाक मारली, "अहो, मेले का टोळ?"

"नाकतोडे निघाले," ते म्हणाले, आणि पिल्लू आपणहून पानावर उतरेपर्यंत हात तसाच धरून उभे राहिले.