सुटलेला काना

"डोंगर माणसाला निवडतो, माणसाने डोंगर निवडायचा नसतो." हे महावाक्य रफारकाका गेली अठरा वर्षं मोहिमेच्या प्रत्येक बैठकीत उच्चारत आणि मग खिशातून एक चिठ्ठी काढत. चिठ्ठीवर त्यांनी आठवडाभर आधीच निवडून ठेवलेल्या डोंगराचं नाव असे.

काका एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. त्यांच्या नजरेखालून गेलेल्या मजकुरात पुढे चूक सापडली, असं कधी घडलं नव्हतं. ते प्रत्येकाच्या डोक्यावर जाऊन बसतात म्हणून रविवारच्या डोंगरगटाने त्यांना रफार म्हणायला सुरुवात केली. काकांनी तो बहुमान समजून स्वीकारला.

डोंगर निवडण्याचं त्यांचं शास्त्र पक्कं होतं. उन्हाळ्यात उत्तरेकडची वाट धरायची, कारण तिथे सावली. पहाटे निघायचं, माणशी तीन लिटर पाणी घ्यायचं आणि अकराच्या आत खाली यायचं. थंडीत दक्षिणेकडची वाट, कारण तिथे ऊन. एका जाड कोटाऐवजी तीन पातळ कपडे, आणि अंधाराच्या दोन तास आधी सगळे घरी. या शास्त्राला अठरा वर्षांत कुणी बोट लावलं नव्हतं.

मग काकांचे साडू गटात आले. त्यांना आणलं खुद्द काकांनीच, आणि ही गोष्ट त्यांना रोज दाढी करताना आठवे. साडू दातांचे डॉक्टर. पहिल्याच उन्हाळी मोहिमेत त्यांनी सगळ्यांसाठी मीठ-साखरेच्या पुड्या आणल्या, एकाच्या टाचेचा फोड बांधून दिला आणि वर चढताना धापही टाकली नाही. घरी आल्यावर काकूंनी भावजींचं पोट कसं आत गेलंय याचं इतकं बारकाईने वर्णन केलं, की काकांनी त्या रात्री भाताला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुप्पट खाल्ला.

हिवाळ्याची बैठक भरली. काकांनी महावाक्य उच्चारलं, हात खिशाकडे नेला, आणि तेवढ्यात गटातल्या ग्रंथपालबाई म्हणाल्या की या वेळी डॉक्टरांना निवडू द्या की, काकांनाही जरा विश्रांती. सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनीही डोलावली, मान त्यांची असली तरी त्या क्षणी तिच्यावर त्यांचा ताबा नव्हता. चिठ्ठी खिशात चुरगळली.

साडूंनी डोंगर निवडला, आणि तो चांगला निवडला. हेच खरं दुखणं होतं. काकांच्या चिठ्ठीवरही तोच होता.

त्या डोंगरावरून खाली यायला दोन वाटा. दक्षिणेची रुंद आणि उन्हाची, तिला सगळे उतारवाट म्हणत. दुसरी उत्तरवाट: उन्हाळ्यात स्वर्ग, थंडीत मात्र सूर्य तिकडे फिरकत नाही आणि दगडांवर गोठलेल्या दवाचा पातळ पापुद्रा धरतो. साडूंनी सूचना लिहिली, डॉक्टरी अक्षरात. बाईंनी ती टाइप केली आणि रिवाजाप्रमाणे काकांकडे तपासायला दिली.

काकांनी लाल पेन उघडलं. तीन वेलांट्या सुधारल्या. मग त्यांची नजर शेवटच्या ओळीवर थांबली: "परतताना उत्तरवाटेने." काना सुटला होता आणि त ला आणखी एक त चिकटला होता. डॉक्टरांना अर्थातच उतारवाट म्हणायचं होतं.

पेन कागदावर टेकलं, आणि उचललं गेलं. काकांनी स्वतःला समजावलं की यात कुणाचा जीव जाणार नाही. माथ्यावर पोचलं की आपण शांतपणे विचारायचं, "काय हो डॉक्टर, थंडीत उत्तरवाट?" आणि सगळ्यांना दक्षिणेकडे घेऊन उतरायचं. पुढची अठरा वर्षं चिठ्ठी आपल्याच खिशात. त्यांनी पेनाला टोपण लावलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच एक ढळढळीत चूक त्यांनी पाहून जाऊ दिली.

माथ्यावर सगळ्यांनी डबे उघडले, थर्मास रिकामे केले. काकांनी घसा साफ केला. पण त्याआधीच साडूंनी कागद काढून वाचला आणि जरा गोंधळले. मी तर उतारवाट लिहिली होती, असं ते पुटपुटले. मग काकांकडे बघून त्यांचा चेहरा उजळला.

"पण हे दादांनी तपासलंय. दादांच्या हातून चूक सुटायची नाही. त्यांनी मुद्दाम बदललं असणार, काहीतरी विचार करून. चला, उत्तरवाट."

गट विश्वासाने उठला. काकांची पंचाईत झाली. थांबा म्हणायचं तर चूक सुटली असं कबूल करायचं. आणि ते तर मेल्यावरही शक्य नव्हतं. तेव्हा, आपण पुढे राहू आणि निसरडं आलं की इशारा देऊ, असं ठरवून ते सर्वांच्या पुढे चालू लागले.

दुसऱ्याच वळणावर निसरडं आलं. इशारा द्यायला त्यांना वेळच मिळाला नाही. ते बसले, तसेच दहा फूट पुढे गेले, आणि एका थंडगार खळग्यात थांबले.

सगळे खाली धावले, म्हणजे भीत भीत पावलं टाकत आले. हाडं शाबूत होती. बाई हळूच म्हणाल्या की टाइप करताना काही चुकलं असावं, अशी शंका त्यांना आलीच होती. साडू खळग्याशी उकिडवे बसले.

"दादा, मनावर घेऊ नका," ते मायेने म्हणाले. "वय झालं की डोळे जातातच. माझ्या ओळखीचे एक डोळ्यांचे डॉक्टर आहेत."

खळग्यातून काकांनी मान ताठ केली.

"माझे डोळे ठणठणीत आहेत. चूक मला दिसली होती. तुमच्यावर जळलो, म्हणून मुद्दाम ठेवली."

साडूंच्या कपाळावर आधी आठी पडली. मग ती सुटली, आणि तोंडावर एक लाजरा आनंद पसरत गेला.

"माझ्यावर? खरंच? पण का हो दादा? कशासाठी?"

"ते घरी गेल्यावर सविस्तर सांगतो," काका म्हणाले. "आधी जरा हात द्या. मागून पँट भिजायला लागलीय."