सी लमजेद यांचा फोन

आमच्या सफाक्सच्या विद्यापीठात पीएच.डी.ची शिस्तशीर शाळा सुरू झाली, तेव्हापासून एक नियम आलाय. वर्षातून एकदा समितीने विद्यार्थ्याला भेटायचं आणि निम्मा वेळ मार्गदर्शकाला बाहेर बसवायचं. का, तर मुलांनी मोकळं बोलावं. मुलं बोलत नाहीत. पुढची सही दाराबाहेरच्याच माणसाची लागणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

त्या दिवशी रिमेल होती. ऑलिव्हच्या घाण्यातून निघणारं काळं पाणी स्वच्छ कसं करायचं, हा तिचा विषय. तिसरं वर्ष संपत आलेलं. प्रशिक्षणाचे तास पूर्ण, प्रयोग पूर्ण, प्रबंध मात्र अडलेला. तिला चौथं वर्ष द्यायचं की घरी पाठवायचं, हे मी आणि गाबेसहून आलेले प्राध्यापक नेजी ठरवणार होतो.

"पोरगी आळशी नाही हो," तिचे मार्गदर्शक सी लमजेद ('सी' म्हणजे आमच्याकडचं 'श्री') उठता उठता म्हणाले, "जरा मंद आहे, एवढंच."

दार लागलं.

"बोल बाळ, कुठे अडलंय?" मी विचारलं.

"माझंच चुकतंय, मॅडम. सर फार मदत करतात."

हे ती माझ्याकडे बघून म्हणत नव्हती. टेबलावर सी लमजेद यांचा फोन पालथा पडला होता. हात धुवायलाही फोन घेऊन जाणाऱ्या माणसाचा फोन!

"लिहिलेलं वेळेवर वाचतात?"

"लगेच," ती फोनला म्हणाली.

मी नेजींना खुणावलं. "विसरले असतील हो," ते कुजबुजले. "तुम्हाला जिथे तिथे चोरच दिसतात."

"नवरा कस्टममध्ये होता माझा. सवय लागते."

मी फोनवर वाकले आणि गोड आवाजात विचारलं, "सी लमजेद, कॉफी आलीय. साखर किती घालू?"

"एकच चमचा," दाराबाहेरून उत्तर आलं.

मग बाहेर खुर्ची करकरली.

रिमेलने तोंडावर हात दाबला. हसू आवरेना, आणि हसता हसताच डोळे भरले. नेजींनी दार उघडलं. सी लमजेद दुसरा फोन कानाला लावून उभे. नेजींनी पहिला त्यांच्या हातात ठेवला आणि दार लावून घेतलं.

"हं, आता बोल."

रिमेल माझ्या पर्सकडे बघत होती. "मॅडम... तुमचा?"

मी माझा फोन काढला, बंद करून तिच्यापुढे ठेवला. नेजींनीही.

"प्रबंधाची तिन्ही प्रकरणं रमजानपासून त्यांच्याकडे पडून आहेत," ती म्हणाली. "आणि माझ्या प्रयोगांचे आकडे त्यांच्या भाच्याच्या प्रबंधात आहेत."

चौथं वर्ष तिला मिळालं, मार्गदर्शकही नव्या. फार सज्जन बाई आहेत. तरी त्यांच्या खोलीत शिरताना रिमेल आधी टेबलाकडे बघते म्हणे.