हातभर जागा

रामखिलावन मिस्त्रीनं चप्पल मधोमध कापली आणि एक तुकडा आरशाच्या बुडाखाली घालून पाहिला. चपखल बसला. फियाटचं दार फुगीर, आरसा शाळेच्या व्हॅनचा, त्याचं बूड सपाट. अशा दोघांचं लग्न लावायचं तर मधे रबर पाहिजेच. त्यानं खुशीत पेचकस फिरवला.

"रबर कुठून आणलं?" देवीदासनं विचारलं.

"यहीं पायरी पर पड़ी थी बबा. पुरानी चप्पल थी."

पायरीवर आता एकच चप्पल उरली होती, निळ्या पट्ट्याची. त्याच्या बायकोची, अंजनाबाईची. उन्हाळ्यात ती गेली, तेव्हापासून त्या चपला तिथंच होत्या, तिनं काढल्या तशा, एक जराशी वाकडी. झाडताना हलल्या तरी देवीदास खेकसायचा. सुनेनं एकदा उचलून माळ्यावर टाकल्या, तर म्हातारा शिडी लावून वर चढला, अन् उतरता येईना म्हणून चपला छातीशी धरून तासभर वरच बसला. एवढा पहारा! आणि आता अर्धी चप्पल दारावर स्क्रूनं कसलेली.

"का होगे बबा?" त्याचा चेहरा पाहून रामखिलावनचा हात थांबला.

देवीदासनं उरलेली चप्पल उचलली, लेंग्याला पुसली आणि त्याच्यापुढं धरली.

"ही बी घे. आरसे दोन आहेत."

फियाट बोळाच्या तोंडाशी उभी होती. बोळ असा, की गाडी उलटीच आत न्यायची, थेट शेवटच्या भिंतीपर्यंत. रेल्वेतून रिटायर होण्याच्या किती तरी आधीपासून देवीदास ती तशीच नेत होता, आणि आरशाची गरज त्याला कधी पडली नव्हती. मागं अंजनाबाई उभी राहायची. भिंतीला पाठ लावून, पदर खोचून. "येऊ द्या... येऊ द्या..." आणि मग डिक्कीवर फाडकन थाप. "बस!"

"अवं, अजून हातभर जागा आहे!" तो ओरडायचा.

"ते हातभर माह्यासाठी राहू द्या. मी का भिंतीत जाऊ?"

ती गेल्यावर गाडीनं आधी शेजारच्या शारदाबाईची कपड्यांची दोरी नेली. देवीदास लोकांकडं हात हलवत पार तात्यापाऱ्याच्या चौकापर्यंत गेला. लोक का हसून राहिले ते त्याला घरी आल्यावर, एरियलवरचा परकर पाहून कळलं. मग सार्वजनिक नळ गेला. तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. सगळा पारा, अख्खा मोहल्ला, बादल्या घेऊन दारात आला.

मुलगा लोकेशला मराठी समजायचं, पण तो भांडायचा हिंदीतच.

"बाबा, एक बार बिना टच किए अंदर लगा दो. फिर मैं कुछ नहीं बोलूँगा. नहीं लगी तो आज ही भनपुरी का कबाड़ीवाला ले जाएगा."

बापावर भरवसा एवढा दांडगा, की भंगारवाल्याचा टोचनवाला, गाड्या ओढून नेणारा पिकअप त्यानं सकाळीच बोलावून ठेवला होता. ड्रायव्हर सीटवर पाय वर घेऊन भजी खात बसला होता.

रामखिलावननं दुसराही आरसा कसला, गमछ्यानं पुसला आणि दोन पावलं मागं जाऊन पाहिलं. फियाटला दोन मोठे काळे कान फुटले होते.

"ये व्हॅन का काँच है बबा. इसमें सब छोटा दिखता है, दूर दिखता है. संभाल के."

"हव," देवीदास म्हणाला आणि आत बसला.

बाजूच्या सीटवर अंजनाबाईची उशी होती. दर रविवारी बुद्धविहारात जाताना ती पाठीशी घ्यायची. देवीदासनं ती सरळ केली, रिव्हर्स टाकला आणि उजव्या आरशात पाहिलं.

गाडी सुरेख निघाली. शारदाबाईची नवी दोरी सलामत राहिली. नवा नळही वाचला, वीतभर अंतरानं. लोकेश सोबत चालता चालता चक्क म्हणाला, "सही, बाबा!" शारदाबाईनं दारातून टाळी वाजवली.

भिंत आरशात आली. तिच्यापुढचा पाण्याचा निळा ड्रम, नळाची तोटी, अंजनाबाईनं सूप अडकवायला ठोकलेला खिळा, सगळं आलं. डाव्या आरशातही तीच भिंत. ती मोठी होत गेली. देवीदासनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, मान जराशी तिरपी केली, मागून हाक ऐकू यावी तशी. पाय ब्रेकवर होता, नुसता ठेवलेला.

"बाबा! बाबा, ब्रेक!"

ड्रम फुटला तो आवाज बंदुकीसारखा झाला. पाण्याचा लोंढा गाडीखालून बोळात सुटला, त्यावर लोकेशची एक सँडल तरंगत गेली. मागचा पत्रा दबून चाकात घुसला.

"अवो, आज तं घरचंच पाणी गेलं!" शारदाबाई बोलून गेली, आणि तोंडावर हात ठेवून आत पळाली.

रामखिलावन धावत आला. "भैया, बबा की गलती नहीं है. मेरी है. व्हॅन का काँच है, दीवार दूर दिखी होगी."

लोकेशनं मान डोलावली. त्यालाही तेच बरं वाटलं. "ऐसा ही हुआ ना, बाबा?"

देवीदास गाडीतून उतरून पाण्यात उभा होता.

"आरशाले काहून नाव ठेवता? भिंत दिसून राहिली होती. चांगली दिसत होती."

"तो ब्रेक क्यों नहीं मारा?"

देवीदासनं खाली वाकून उशी गाडीतून काढली, काखेत धरली. लोकेशनं थोडी वाट पाहिली. मग बोळाच्या तोंडाकडं तोंड करून हात हलवला.

पिकअपवाल्यानं भज्यांचा कागद फेकला आणि गाडी उलटी बोळात घातली. बोळ अरुंद. तो कचकन थांबला, डोकं बाहेर काढून ओरडला, "अरे, कोई पीछे देखो तो!"

लोकेश सँडल शोधायला गेला होता. रामखिलावन आरशांकडं पाहत होता.

देवीदास फियाटच्या नाकापुढं येऊन उभा राहिला. बॉनेटला पाठ लावली.

"येऊ द्या," तो म्हणाला. "येऊ द्या... येऊ द्या..."

पिकअप जवळ आला. देवीदासनं त्याच्या मागच्या फाळक्यावर फाडकन थाप मारली.

"बस!"

"अभी तो हाथभर जगह है, बाबा," ड्रायव्हर म्हणाला.

"राहू द्या," देवीदास म्हणाला, आणि तिथंच उभा राहिला.